सगळे धर्म एकच सांगतात का? तक्ता भरायच्या आधी भावकी बघ

बी.ए.ला असलेल्या एका मुलीने विचारलंय की प्रोजेक्टसाठी जगातल्या मुख्य धर्मांचा तक्ता करायचाय, कॉलम असे: धर्म, संस्थापक, स्थापनेचं साल, ग्रंथ, मुख्य श्रद्धा, आणि शेवटी "सगळे धर्म एकच शिकवण देतात" असा निष्कर्ष काढायचाय, तर सर मदत करा. मी हा विषय बरीच वर्षं कॉलेजात शिकवतोय आणि हाच तक्ता थोड्याफार फरकाने दरवर्षी माझ्या टेबलावर येतो, म्हणून जरा ऐसपैस लिहितो, वेळ काढून वाच.

पहिली गोष्ट म्हणजे उगम आणि श्रद्धा असे दोन वेगळे कॉलम करूच नकोस. कुठलाही धर्म मोकळ्या माळरानावर उगवलेला नाहीये, तो आधीच्या कुठल्यातरी घरात जन्मलाय आणि त्या घरातल्यांशी त्याचं कशावरून तरी वाजलंय. आपल्याकडे भावकीत कसं असतं बघ, पणजोबा एक, आडनाव एक, कुलदैवत एक, आणि हातभर बांधावरून कोर्टात पिढ्यान्पिढ्या तारखा चालू, परगावच्या माणसाशी कुणी बांधावरून भांडायला जात नाही. धर्मांचंही तसंच आहे, ज्याच्याशी सगळ्यात जास्त साम्य त्याच्याशीच सगळ्यात कडाक्याचा वाद, आणि आपण ज्याला "मुख्य श्रद्धा" म्हणतो ती बहुतेक वेळा त्या वादात घेतलेली बाजू असते. वाद काय होता हे कळलं की श्रद्धा पाठ करावी लागत नाही.

आपल्याच देशातलं घे. इसवी सनापूर्वी सहाव्या-पाचव्या शतकात गंगेच्या खोऱ्यात, म्हणजे आजच्या बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशात, शहरं वाढत होती, व्यापार वाढत होता, मगधासारखी राज्यं मोठी होत होती, आणि घरदार सोडून भटकणाऱ्या साधकांचे गटच्या गट तिथे फिरत होते. बुद्ध त्यातलेच, महावीरही त्यातलेच, आजीवक नावाच्या पंथाचा मक्खली गोसालही त्याच गर्दीतला. राजगीरच्या आसपास बुद्ध आणि महावीर दोघांचेही अनुयायी वावरत होते, पाली ग्रंथांत महावीरांचा उल्लेख निगंठ नातपुत्त म्हणून पुन्हा पुन्हा येतो. आणि वैदिक परंपरेच्या आतही तेव्हा खळबळ होती, मुंडक उपनिषदात तर यज्ञांना सरळ कच्च्या नावा म्हटलंय, "प्लवा ह्येते अदृढा यज्ञरूपा". म्हणजे यज्ञावर टीका फक्त बाहेरच्यांनी केली असं नाही, घरातूनही झाली.

आता उपनिषदं, महावीर आणि बुद्ध या तिघांना एक गोष्ट मान्य होती: कर्म आहे, पुनर्जन्म आहे, आणि या फेऱ्यातून सुटायचंय. प्रश्न एकच की मुळात सुटतं कोण? उपनिषदांतला एक मोठा प्रवाह म्हणतो आत्मा आहे आणि तो ब्रह्मापासून वेगळा नाही, हे ओळखलं की सुटलास. महावीर म्हणतात आत्मा आहेच, पण एक नाही, अनंत आहेत, प्रत्येक जीव स्वतंत्र, माणसात आहे तसा मुंगीत, झाडात, पाण्यात, मातीत, आणि कर्म ही नुसती कल्पना नाही तर सूक्ष्म पुद्गल, म्हणजे जड द्रव्य आहे, ते जिवाला अक्षरशः चिकटतं. बुद्ध म्हणतात तुम्ही ज्याला कायमचा आत्मा म्हणताय तो शोधून दाखवा, शरीर, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान, सगळं बदलतंय, आणि त्याला "मी, माझं" म्हणून धरून ठेवणं हेच दुःखाचं मूळ. एक प्रश्न, तीन उत्तरं, आणि तिन्ही एकमेकांना काटणारी, आत्मा एकच की अनंत की नाहीच. तू यावर "तिन्ही धर्म मोक्ष सांगतात" एवढंच लिहिलंस तर नेमकी तीच जागा पुसली जाते जिच्यावरून ही माणसं आयुष्यभर बोलली.

आणि हे नुसतं पोथीतलं तत्त्वज्ञान नाही हं, ते थेट ताटात उतरतं. तुझ्या ओळखीत कुणी कडक पाळणारं जैन कुटुंब असेल तर चातुर्मासात त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बघ. बटाटा नाही, कांदा नाही, गाजर नाही, कारण कंदमुळं म्हणजे अनंतकाय, एका शरीरात अनंत जीव. पाणी गाळून उकळून घेतलेलं, कारण पाण्यातही जीव. जेवण सूर्यास्ताच्या आत. यातली एकेक गोष्ट महावीरांच्या "जीव सगळीकडे आहे" या वाक्यातून निघालेली आहे. याउलट बौद्ध विनयात, म्हणजे भिक्षूंच्या नियमांत, भिक्षूने भिक्षेत पडेल ते खायचं, मांस आलं तरी चालेल, फक्त तो प्राणी आपल्यासाठी मारलाय असं पाहिलेलं, ऐकलेलं किंवा तशी शंका असता कामा नये. संघातल्याच देवदत्त नावाच्या भिक्षूने मागणी केली होती की संघात मासे-मांस पूर्ण बंद करा, बुद्धांनी तो नियम सक्तीचा करायला नकार दिला (पुढे चीनमधल्या बौद्ध भिक्षूंनी शाकाहार घट्ट धरला, तो महायानातला पुढचा भाग). दोघंही अहिंसावादीच, पण एकासाठी हिंसा म्हणजे जिवाला प्रत्यक्ष इजा आणि दुसऱ्यासाठी चेतना, म्हणजे हेतू, जास्त निर्णायक. तक्त्यात दोन्हीकडे "अहिंसा" लिहून मोकळं होऊ नकोस.

संस्थापकाचा कॉलम तर इथेच गडबडतो. जैन धर्माचे संस्थापक महावीर असं पुस्तकांत सर्रास छापलेलं असतं, जैनांना ते मान्य नाही, महावीर चोविसावे तीर्थंकर, त्यांच्या आधी पार्श्वनाथ, आणि सगळ्यात पहिले ऋषभदेव. बौद्ध परंपरेतही गौतम बुद्ध हे पहिले बुद्ध नाहीत, नेपाळमध्ये निगाली सागरला अशोकाचा स्तंभ आहे, त्यावर लिहिलंय की कनकमुनी या आधीच्या बुद्धाचा स्तूप राजाने दुप्पट मोठा केला. अशोक म्हणजे इ.स.पू. तिसरं शतक, म्हणजे ही समजूत किती जुनी आहे बघ. आणि हिंदू धर्माच्या रकान्यात तर संस्थापक म्हणून कुणाचंच नाव लिहिता येत नाही, मीमांसकांच्या, म्हणजे वेदांचा अर्थ लावणाऱ्या दर्शनाच्या, मते वेदांना कर्ताच नाही, माणूस नाही आणि देवही नाही, ते अपौरुषेय. सांख्य आणि मीमांसा या दोन दर्शनांना तर जग निर्माण करणारा ईश्वर लागतच नाही तरी ती वैदिक परंपरेतच धरली जातात, कारण तिथे कसोटी वेद मानण्याची होती. त्यामुळे "हिंदू धर्माची मुख्य श्रद्धा: एक ईश्वर / अनेक देव" यातलं काहीही एक लिहिलंस तर अर्धी परंपरा बाहेर राहते.

आता पश्चिमेकडे ये. माझ्या मते तुलनेसाठी यापेक्षा चांगलं उदाहरण नाही, आणि आपल्याकडे ते नीट शिकवलंच जात नाही. आपण शिकवतो की ज्यू धर्म जुना आणि त्यातून नंतर ख्रिश्चन धर्म निघाला, आई आणि लेकरू असं नातं. पण आजचा ज्यू धर्म आणि ख्रिश्चन धर्म दोघांनाही आकार आला तो इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत, एकाच घरात. इ.स. 70 मध्ये रोमन सेनापती टायटसने जेरुसलेमचं मंदिर पाडलं, रोममध्ये त्याच्या विजयाची कमान आजही उभी आहे आणि तिच्यावर मंदिरातला सात फांद्यांचा दीपवृक्ष सैनिक खांद्यावरून वाहून नेताना कोरलेत. त्या मंदिरातच पशुबळी दिले जायचे, पापक्षालन व्हायचं, देवाशी असलेल्या कराराचं केंद्रच ते. मंदिर गेल्यावर प्रश्न उभा राहिला, आता देवाशी नातं टिकवायचं कसं?

एक उत्तर रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी दिलं. योहानान बेन झक्काई नावाच्या गुरूने यावने गावात अभ्यासाचं केंद्र उभं केलं, आणि हळूहळू बळीची जागा प्रार्थनेने, वेदीची जागा घरातल्या जेवणाच्या टेबलाने, आणि पुरोहिताची जागा अभ्यासकाने घेतली. साधारण इ.स. 200 च्या सुमारास मिश्ना, म्हणजे तोंडी चालत आलेल्या नियमांचा संग्रह, संकलित झाली, पुढे त्यावरच्या चर्चांमधून तालमूद. परंपरेने तोरामधल्या, म्हणजे मोझेसच्या पाच पुस्तकांतल्या, आज्ञा मोजल्यात 613, आणि ज्यू असणं म्हणजे मुख्यतः त्या आज्ञा पाळत जगणं. दुसरं उत्तर येशूच्या अनुयायांचं: बळी एकदाच आणि कायमचा दिला गेलाय, क्रुसावर, आता मंदिराची गरज उरली नाही. येशू स्वतः ज्यू, शिष्य ज्यू, येशूचा संदेश गावोगाव नेणारा पौलही ज्यू, आणि मेलेल्यांचं पुनरुत्थान होईल की नाही हा वाद ज्यूंमध्ये आधीपासून होता, ज्यूंमधलेच दोन गट, परुशी म्हणायचे होईल, सदूकी म्हणायचे नाही. ख्रिस्ती मंडळींनी एवढंच म्हटलं की ते सुरू झालंय, एकाचं झालंय.

मग या दोघांची फाटाफूट नेमकी कशावर झाली? देवाच्या एकत्वावरचा वाद पुढे विकोपाला गेला, पण सुरुवातीचा गरम मुद्दा होता सुंतेचा आणि खाण्यापिण्याचा. ज्यू नसलेला माणूस येशूला मानायला लागला तर त्याने सुंता करायची का, मोझेसचे नियम पाळायचे का? इ.स. 50 च्या आसपास जेरुसलेममध्ये यावर बैठक बसली, आणि पौलाची बाजू अशी की नको, श्रद्धा पुरे. गलतीकरांना लिहिलेलं त्याचं पत्र वाच, माणूस किती चिडलाय ते भाषांतरातही लपत नाही. पौलाची पत्रं शुभवर्तमानांच्याही, म्हणजे येशूच्या चरित्रांच्याही, आधीची आहेत, म्हणजे आपल्या हातात असलेलं सगळ्यात जुनं ख्रिस्ती लिखाण म्हणजे हा घरातला वाद. आणि त्यातूनच ख्रिश्चन धर्माचा स्वभाव ठरला: काय पाळता यापेक्षा कशावर विश्वास ठेवता हे महत्त्वाचं. म्हणून तिथे श्रद्धेचे ठराव झाले, इ.स. 325 मध्ये नायसियाला बिशप जमले ते पुत्र हा पित्याने निर्माण केलेला की पित्याच्याच सत्त्वाचा हे ठरवायला. "मुख्य श्रद्धा" हा कॉलम मुळात ख्रिश्चन धर्माच्या मापाने शिवलेला आहे, तिथे तो फिट बसतो, बाकी ठिकाणी ओढूनताणून.

याचा पुरावा आपल्या रायगड जिल्ह्यातच आहे. अलिबाग-पेणच्या पट्ट्यात बेने इस्रायली लोक, म्हणजे इथले ज्यू, शतकानुशतकं मराठी बोलत, तेलाचे घाणे चालवत राहिले, बाकीच्या ज्यू जगाशी संबंध तुटलेला, तालमूद माहीत नाही, हिब्रू पोथ्या नाहीत. तरी टिकलं काय? शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटलं. मुलाची आठव्या दिवशी सुंता. खाण्याचे काही नियम. आणि शेमा ही प्रार्थना, "हे इस्राएला, ऐक, परमेश्वर आपला देव, परमेश्वर एकच". ग्रंथ हरवले, सिद्धांत हरवले, आणि तरी पुढे बाहेरच्या ज्यूंनी त्यांना ओळखलं ते या आचारांवरून. ज्यू धर्माचा भार कुठे आहे हे यापेक्षा स्पष्ट मी तरी वर्गात कधी दाखवू शकलो नाही.

इस्लामचा उगम लिहिताना "इ.स. 610, मक्का, हिरा गुहा, पहिलं प्रकटन, 622 हिजरत, 632 पैगंबरांचं निधन" हे सगळं बरोबरच आहे, पण संस्थापक म्हणून मुहंमद पैगंबर लिहिलंस तर कुठलाही मुसलमान माणूस तुला थांबवेल. त्यांच्या दृष्टीने इस्लाम आदमपासून आहे, इब्राहिम, मूसा, ईसा सगळे त्याचेच पैगंबर, मुहंमद शेवटचे. आणि वाद दोन आघाड्यांवर. कुराणातली सूरह इख्लास बघ, चारच आयती: तो अल्लाह एक आहे, तो निरपेक्ष आहे, त्याने कुणाला जन्म दिला नाही आणि त्याला कुणी जन्म दिला नाही, त्याच्या तोडीचं कुणी नाही. "कुणाला जन्म दिला नाही" हे वाक्य एकीकडे मक्केतल्या लोकांना आहे जे लात, उझ्झा, मनात या देवींना अल्लाहच्या मुली मानायचे, आणि तेवढंच लागू पडतं येशूला देवाचा पुत्र म्हणणाऱ्यांना. जेरुसलेममधली सोनेरी घुमटाची ती प्रसिद्ध वास्तू, डोम ऑफ द रॉक, ती खलिफा अब्द अल-मलिकने इ.स. 691-92 च्या सुमारास बांधली, तिच्या आतल्या कमानींच्या वर पट्टीसारखा मजकूर फिरवलाय, त्यात ग्रंथधारकांना, म्हणजे ज्यू-ख्रिश्चनांना, उद्देशून म्हटलंय की मरियमचा मुलगा ईसा मसीह हा अल्लाहचा दूत आहे, "तीन" म्हणू नका. ख्रिस्ती बहुसंख्य शहरात, शेजाऱ्यांना उद्देशून. गंमत नाही ही, केवढी जवळीक आहे बघ: इस्लाम ईसाला मानतो, कुमारी मरियमला मानतो, कुराणात तिच्या नावाची अख्खी सूरह आहे, आणि तरी क्रुसावरचा मृत्यू नाकारतो. ज्या घटनेवर ख्रिश्चन धर्म उभा आहे नेमकी तीच घटना. तू म्हणतेस दोन्ही एकच सांगतात, पण एका घरात ती घटना काढली तर काही उरत नाही आणि दुसऱ्या घरात ती घडलीच नाही.

ग्रंथाच्या कॉलमबद्दल थोडं. बायबल, कुराण, वेद, गुरू ग्रंथ साहिब एका ओळीत लिहितो आपण जणू सगळी एकाच जातीची पुस्तकं. बायबलचं भाषांतर म्हणजे बायबलच, येशू अरामी बोलायचे आणि शुभवर्तमानं पहिल्यापासून ग्रीकमध्ये, त्यामुळे भाषांतर त्यांच्या रक्तातच आहे. कुराणाचं भाषांतर मात्र अर्थ समजायला, नमाजात अरबीच. खरं तर मुसलमानांकडे देवाचं वचन जे कुराणाच्या रूपात आलं ते ख्रिश्चनांकडे येशूच्या रूपात आलं असं मानतात, म्हणजे कुराणाशी तुलना येशूची होते, बायबलची नाही. वेद तर हजारो वर्षं मुख्यतः लिहिण्यासाठी नव्हतेच, पदपाठ, क्रमपाठ, घनपाठ असे शब्द उलटसुलट गुंफून पाठ करायच्या पद्धती केल्या त्या एक स्वरही इकडचा तिकडे होऊ नये म्हणून.

आणि गुरू ग्रंथ साहिब हे शिखांसाठी गुरूच आहेत, जिवंत गुरू. नांदेडला हुजूर साहिबला गेलीस तर पहाटे प्रकाश आणि रात्री सुखासन बघ, ग्रंथ रुमाल्यात गुंडाळून डोक्यावर घेऊन आदराने विश्रांतीच्या जागी नेतात, दिवसभर वर चांदवा आणि बाजूला चौरी. गुरू गोविंदसिंगांनी 1708 मध्ये इथेच गुरुपद ग्रंथाला दिलं. त्या ग्रंथात आपल्या नामदेवांची 61 पदं आहेत, शिवाय कबीर, रविदास, शेख फरीद. आणि गुरू नानकांचा वाद कुणाशी होता ते त्यांच्याच बाणीत आहे, आसा दी वारमध्ये जानव्याबद्दल म्हणतात दयेचा कापूस कर, समाधानाचा धागा काढ, संयमाची गाठ मार, सत्याचा पीळ दे. आणि माझ की वारमध्ये नमाज पढणाऱ्याला म्हणतात दयेची मशीद कर, निष्ठेचा मुसल्ला, म्हणजे नमाजाची चटई. दोन्हीकडे एकच मागणी, बाहेरचं आत आण.

पारशी आणि जपानचा शिंतो यांच्यावर फार लिहीत नाही, फक्त एकेक पॉइंट. पारशांचे पैगंबर झरथुष्ट्र यांचा काळ अभ्यासक इतका मागेपुढे नेतात की साल लिहूच नकोस. गाथा म्हणजे त्यांची 17 स्तोत्रं, आणि त्यांची भाषा ऋग्वेदाच्या इतकी जवळ की ही आपल्याच दूरच्या चुलतभावंडांची शाखा हे लगेच कळतं. शिंतोला संस्थापक नाही आणि ठरलेला सिद्धांतही नाही, जपानच्या सरकारी आकड्यांत शिंतो आणि बौद्ध अनुयायांची बेरीज देशाच्या लोकसंख्येपेक्षा जास्त भरते, कारण एकच माणूस दोन्हीकडे असतो.

आपल्या डोळ्यांसमोरचा म्हणावा असा उगम बघायचा असेल तर 14 ऑक्टोबर 1956, नागपूर. बाबासाहेबांनी दिलेल्या 22 प्रतिज्ञा वाच, पहिल्या काही प्रतिज्ञा ब्रह्मा-विष्णू-महेश, राम-कृष्ण, गौरी-गणपती यांना न मानण्याच्या आहेत, आणि बुद्ध हा विष्णूचा अवतार हे खोटं आहे असं पाचव्या प्रतिज्ञेत स्वच्छ म्हटलंय. कुणापासून वेगळे होतोय ते आधी, मग कशाकडे जातोय ते. आणि तक्त्यात तू बौद्ध धर्मापुढे "चार आर्यसत्यं" लिहिणार ना, तर लक्षात घे की 1957 साली आलेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये बाबासाहेबांनी चार आर्यसत्यं मूळ शिकवणीतली आहेत का हाच प्रश्न प्रस्तावनेत विचारलाय. महाराष्ट्रातल्या लाखो बौद्धांसाठी "मुख्य श्रद्धा" श्रीलंकेतल्या भिक्षूच्या उत्तराहून वेगळी असू शकते, आणि दोघंही बौद्धच.

राहिला तुझा निष्कर्ष. आचरणाच्या पातळीवर साम्य आहे आणि ते खरं आहे, मी ते नाकारत नाही. "तुला जे नकोसं वाटतं ते दुसऱ्याला करू नकोस" हे जेरुसलेममध्ये हिल्लेल नावाचा ज्यू गुरू म्हणाला आणि त्याच्या काही शतकं आधी चीनमध्ये कन्फ्यूशियस म्हणाला, दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता. खोटं बोलू नको, चोरी करू नको, भुकेल्याला दे, हे सगळीकडे सापडेल. ते लिही. पण त्याला "सगळ्यांची शिकवण एक" म्हणू नकोस, कारण चांगलं का वागायचं याचं उत्तर प्रत्येकाकडे वेगळं आहे आणि त्या उत्तरासाठी लोकांनी घरं सोडलीत, जीव दिलेत. सलोखा हवा म्हणून फरक झाकायची गरज मला कधीच पटली नाही. शेजारी माझ्यापेक्षा वेगळं मानतो हे नीट माहीत असूनही त्याच्याकडे ईदला शिरखुर्मा खायला जाता येतं, जातातच लोक.

प्रोजेक्टसाठी सांगायचं तर आठ-दहा धर्मांचा तक्ता सोड, दोनच जोड्या घे, जैन-बौद्ध आणि ज्यू-ख्रिश्चन, आणि "कुणाशी वाद, कशावरून" असा एक कॉलम वाढव. सालाच्या जागी जिथे परंपरा एक सांगते आणि अभ्यासक दुसरं तिथे दोन्ही लिही, उदाहरणार्थ बुद्धांचं महापरिनिर्वाण श्रीलंकेकडच्या परंपरेच्या गणनेने इ.स.पू. 544, आणि आजचे बरेच अभ्यासक ते साधारण इ.स.पू. 400 च्या आसपास आणतात. पुण्यात असशील तर कॅम्पातलं लाल देऊळ, म्हणजे ओहेल डेव्हिड सिनेगॉग, बघून ये, आधी विचारून परवानगी घे, आणि शनिवारी जाऊ नकोस, त्या दिवशी शब्बाथ असतो आणि फोटो काढू देत नाहीत.